टीव्हीतले हात

जोतीरामचा चेहरा तुमच्या ओळखीचा असण्याचं काही कारण नाही. हात मात्र तुम्ही पाहिलेले असतील. दोन वर्षांपूर्वी टीव्हीवर डॉक्टरांची एक मालिका चालू होती, तिचा एक भाग फार गाजला. लोक त्याला 'हातांचा भाग' म्हणायचे. अख्ख्या भागात डॉक्टरचा चेहरा एकदाही दिसत नाही, फक्त हात दिसतात. ते हात नटाचे नव्हते, आमच्या जोतीरामचे होते. आणि त्याला त्या कामाला मीच पाठवलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगायला मला जड जाणार आहे.

मी चारुशीला. सांगलीच्या विश्रामबागेत एका सर्जनच्या हॉस्पिटलात छत्तीस वर्षं सिस्टर होते. फटकळ म्हणून माझी ख्याती होती. पेशंट मला घाबरायचे आणि पेशंटचे नातेवाईक त्याहून जास्त घाबरायचे. जोतीराम एकटाच घाबरत नसे. कडेगावजवळच्या एका वाडीतून बाविसाव्या वर्षी तो सांगलीला आला, वॉर्डबॉय म्हणून लागला आणि ड्रेसर म्हणून निवृत्त झाला. ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा माणूस. लहानपणी त्याला डॉक्टर व्हायचं होतं असलं काही नाही. शाळेचं आणि त्याचं कधी जमलंच नाही. पण हात असे हलके, की पट्टी सोडताना ओरडणारे पैलवान त्याच्यापुढे गप्प पडून राहायचे. काम नसलं की टेबलाशी बसून तो गॉझच्या, म्हणजे जखमेवर ठेवायच्या जाळीदार कापडाच्या, घड्या घालायचा. कडा आत, घडीवर घडी, सगळ्या एकसारख्या. गप्पा मारताना घड्या, माझ्या शिव्या खाताना घड्या. वडील गेल्याचा निरोप आला तेव्हासुद्धा हातातला गॉझ पुरा घडी करूनच तो उठला होता.

हातांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्याचं नाक. दिसायलाही ते मोठंच होतं, पण मी म्हणतेय ते वेगळं. पट्टी सोडायच्या आधीच, खाटेपासून दोन पावलांवर उभं राहून तो म्हणायचा, "शिष्टर, सायबांना बोलवा. ह्यो पाय वास मारतोय." आम्हाला कुणालाच कसला वास येत नसायचा. साहेब यायचे, पट्टी सोडायचे, तर आत काळं पडायला सुरुवात झालेली असायची. साहेब म्हणायचे, लॅबचा रिपोर्ट उद्या येईल, जोतीरामचं नाक आज सांगतं. किती जणांचे पाय त्या नाकाने वाचवले याची मोजदाद नाही. हे नाक लक्षात ठेवा.

मालिकेचा दिग्दर्शक निमिष हा माझ्या वाईच्या मावसबहिणीचा मुलगा. साताऱ्याबाहेर एक बंद पडलेलं हॉस्पिटल भाड्याने घेऊन त्यांचं शूटिंग चालायचं. नटांना इंजेक्शन कसं धरायचं, ग्लोव्ह्ज कसे घालायचे हे शिकवायला त्याने मला बोलावलं. मी दोन दिवस गेले. डॉक्टर झालेला नट दिसायला देखणा, पण टाक्याची गाठ मारायला लागला की चपलेचा अंगठा शिवणाऱ्यालाही लाज वाटावी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निमिषला म्हटलं, "हात हवेत ना तुला? चेहरा याचा घे, हात मी पाठवते."

जोतीराम तेव्हा निवृत्त होऊन वाडीला शेती बघत होता. बायको आधीच गेलेली, मुलगा यशराज सैन्यात. कऱ्हाडला एसटी बदलून तो साताऱ्याला आला. नटाचा रंग गोरा, याचा रापलेला, म्हणून स्वानंदी नावाची मेकअपवाली मुलगी रोज तासभर याच्या हातांना रंग लावायची. डाव्या अंगठ्यावर विळ्याचा जुना वण होता, तोही तिने झाकला. जोतीराम मला फोन करून सांगायचा, "शिष्टर, नवरदेवाला हळद लावत्यात तसं चाललंय बघा." खूश होता. मीही खूश होते. चांगलं काम मार्गी लावल्याचं समाधान मला फार लवकर होतं, हा माझा दुर्गुण आहे.

त्या भागाची गोष्ट साधी होती. एका तरुण पेशंटची तब्येत बिघडतेय याची खूण डॉक्टरला दिसते, पण तो दुर्लक्ष करतो. पेशंट जातो. शेवटी डॉक्टर त्याच्या आईसमोर बसून सांगतो, की चूक माझी आहे. ऑपरेशनची दृश्यं जोतीरामने सहज केली. शेवटच्या दृश्याला निमिष अडला. आवाज नटाचा असणार होता, पण चार मिनिटं हातांनी करायचं काय? त्याने जोतीरामला विचारलं, "काका, चूक झाल्यावर हात काय करतात?"

जोतीराम म्हणाला, "काय करत न्हाईत सायेब. त्यास्नी ठेवायला जागाच गावत न्हाई. म्हणून मग आपलं न्हेमीचं काम करत्यात."

टेबलावर गॉझ पडला होता, तो त्याने ओढला आणि घड्या घालायला लागला. तेच चित्रित झालं. समोर आई बसलेली, डॉक्टरचा आवाज अडखळत चाललेला आणि हात गॉझची घडी घालताहेत. लहान, अजून लहान, आणखी घालताच येणार नाही इतकी लहान. आवाज म्हणतो, "मला दिसलं होतं. मी बोललो नाही." तिथे हात थांबतात. बस्स. त्यावर महाराष्ट्र रडला. वर्तमानपत्रांत लेख आले, त्या भागाला बक्षिसं मिळाली, निमिषने बक्षीस घेताना जोतीरामचं नाव घेतलं.

मग वाडीने काय करावं? यात्रेत स्टेज बांधून सत्कार केला. फेटा, शाल, नारळ. वेशीवर फ्लेक्स लागला, त्यावर नुसते दोन हात आणि खाली 'गावाचे भूषण'. यात्रेला आलेल्या परगावच्या लोकांना तो कुठल्यातरी पक्षाचा प्रचार वाटला. जोतीरामने मला फोटो पाठवला आणि मी हसून हसून बेजार झाले.

पण लोक नुसता सत्कार करून थांबत नाहीत. ते हरभऱ्याच्या झाडावर चढवतात आणि मग झाडाखाली रांग लावतात. कुणाला कोयता लागला, कुणाचं पोर पडलं, की जोतीरामच्या ओट्यावर. तालुक्याचा दवाखाना राहिला बाजूला. "टीव्हीत ऑपरेशन करणारा माणूस आपल्या गावात असताना तिकडं कशाला जायचं?" तो सांगायचा, आवं, मी निस्ता ड्रेसर हाय. लोक म्हणायचे, मोठी माणसं अशीच बोलतात. पुढे पुढे तो तेही सांगेनासा झाला. छत्तीस वर्षं खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलेला माणूस. साहेब आले की मागे सरायचं, एवढंच त्याला ठाऊक. पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याकडे म्हणून येत होतं. मी त्याला दोष देऊ शकत नाही. देत होते थोडा, पण आता तो हक्क मला उरलेला नाही.

साळूबाई ही त्याची चुलत वहिनी. तिचे यजमान लालासाहेब सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, कडक शिस्तीचे. दोघांचं घर जोतीरामच्या घराला लागूनच. साळूबाईंना दहा वर्षांपासून साखर, म्हणजे मधुमेह. पौषात ऊस तुटून गेल्यावर त्या वैरण गोळा करायला रानात गेल्या आणि उसाचा बुडखा चप्पल फोडून पायात घुसला. साखरेच्या माणसाला पायाची जाणीव कमी असते. संध्याकाळी चपलेत रक्त दिसलं तेव्हा त्यांना कळलं. लालासाहेब म्हणाले, सकाळी सांगलीला जाऊ. साळूबाई म्हणाल्या, "कशाला? भाऊजी हायत की."

आणि जोतीराम म्हणाला, "चार दिस बघू."

चार दिवस जखम बरी दिसली. लालासाहेब पारावर सांगत सुटले, की बघा, हात म्हणतात ते याला. आठव्या दिवशी तालुक्याच्या केबल चॅनेलवाले आले आणि साळूबाईंच्या ओसरीवर जोतीराम पट्टी बांधतानाचं चित्रण करून गेले. साळूबाई त्यासाठी नवं लुगडं नेसल्या होत्या.

नवव्या दिवशी सकाळी जोतीराम त्यांच्या उंबऱ्यातून आत गेला आणि त्याला वास आला.

हे त्याने मला नंतर सांगितलं. म्हणाला, "शिष्टर, पट्टी सोडायच्या आधीच कळलं. छत्तीस वरसं ज्या नाकानं वरडून सांगितलं, त्येच नाक दाबून बसलो. काल टीव्हीवाले आले, आज कसं म्हणू की पाय बिघडला?" त्याने पट्टी सोडली, नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतली, पायाचा एक फोटो काढला आणि नवी पट्टी बांधली. साळूबाईंनी विचारलं, "बरा हाय न्हवं?" हा म्हणाला, "हाय की."

आता तो फोटो. तो फोटो त्याने मला पाठवला होता.

दुपारचे दोन वाजले असतील. जेवून मी आरामखुर्चीत पडले होते. निमिषच्या मालिकेला आदल्या दिवशीच आणखी एक बक्षीस जाहीर झालेलं, त्यामुळे फोनवर अभिनंदनांचा पाऊस. फुलांचे गुच्छ, टाळ्या वाजवणारे हात, आणि त्यात मध्येच एक पाय. खाली लिहिलेलं, 'शिष्टर हे बघा. काय करावं.' मी पाहिला. चष्मा कपाळावर होता, तो खाली घेतला नाही. मी लिहिलं, 'टीव्हीवरच्या डॉक्टरांना आम्ही गरीब नर्सनी काय सांगायचं!' पुढे हसरे चेहरे टाकले. तीन टाकले. आणि डुलकी काढली.

माझ्या थट्टेची त्याला तीस-बत्तीस वर्षांची सवय होती. पण त्या दिवशी तो थट्टेसाठी आला नव्हता. कुणीतरी वरच्याने म्हणावं, की ऊठ, तिला घेऊन ये, एवढंच त्याला हवं होतं. हॉस्पिटलात तो ओरडायचा ते साहेबांना बोलवा म्हणून. वाडीत बोलवायला साहेब नव्हते. मी होते. मी हसले. त्याने पुन्हा विचारलं नाही.

अठराव्या दिवशी साळूबाईंना थंडी वाजून ताप भरला आणि त्या बरळायला लागल्या. लालासाहेबांनी कुणाला न विचारता जीपमध्ये घातलं आणि सांगली गाठली. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. तिथला डॉक्टर लालासाहेबांना म्हणाला, आठ-दहा दिवस आधी आणलं असतं तर एका बोटावर भागलं असतं. लालासाहेब म्हणाले, आमच्या नशिबात नव्हतं. जोतीराम मागेच उभा होता. भूल उतरल्यावर साळूबाईंनी पहिल्यांदा त्यालाच जवळ बोलावलं. "भाऊजी, तुमी हुता म्हणून जीव तरी ऱ्हायला. न्हाईतर पयल्याच आठवड्यात गेले असते."

मला हे कळलं तेव्हा मी फोन उघडून मागे मागे गेले. चष्मा लावला. फोटो बोटांनी मोठा केला. करंगळीच्या बुडाशी काळी कड स्पष्ट दिसत होती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीनेही ओळखली असती. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुकांवर नाकाने कांदे सोलले. निष्काळजीपणाबद्दल कितीतरी पोरींना रडवलं. त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन मी उगाचच स्वच्छ भांडी पुन्हा घासली.

जोतीरामने ओटा बंद केला. पट्टीला हात लावेना. लोकांना वाटलं, वहिनीच्या दुःखामुळे. वेशीवरचा फ्लेक्स त्याने स्वतः शिडी लावून काढला, तर लोक म्हणाले, किती नम्र माणूस. फोनवर तो मला म्हणायचा, "शिष्टर, शिव्या तरी द्याव्यात की वो कुणी." त्याने मला त्या फोटोबद्दल एकदाही विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. असे तीन महिने गेले. आम्ही दोघं आठवड्यातून दोनदा बोलायचो आणि तेवढं सोडून सगळं बोलायचो.

चैत्रात एका सकाळी त्याचा फोन आला. साळूबाईंची धाकटी बहीण भामाबाई तिच्या गावाहून आली होती. तिलाही साखर, तिच्याही पायाला जखम. तिच्या मुलाने तिला सांगलीला न्यायची तयारी केली होती, पण साळूबाईंनी निरोप पाठवला, की तिकडं गेलीस तर पाय कापतात, माझ्याकडं ये, भाऊजींचा हात लावू. "शिष्टर, मी परसात बसलोय. वैनी हाका मारत्यात. तुमी या. माझ्यानं एकट्यानं व्हईना."

मी एसटीने कडेगावला उतरले, रिक्षा केली आणि अकराच्या सुमारास वाडीत पोहोचले. ओसरीवर साळूबाई खुर्चीत, शेजारी वॉकर. भामाबाई खाली भिंतीला टेकून, पायाला जुन्या धोतराची चिंधी. लालासाहेब पेपर घेऊन झोपाळ्यावर. नात राजनंदिनीने गरम पाणी, कापूस, गॉझ सगळं ताटात मांडून ठेवलेलं. जोतीराम माझ्या मागून आला आणि उंबऱ्यातच थांबला. त्याच्या नाकपुड्या हलल्या ते मी पाहिलं.

साळूबाई म्हणाल्या, "या भाऊजी, बसा. भामे, घाबरू नगंस. टीव्हीत बघितलंस न्हवं, त्येच हात हायत. त्यो डाक्टर आईम्होरं चूक कबूल करतो तवा मी लय रडले हुते बघ. किती भला माणूस."

जोतीराम भामाबाईसमोर बसला. ताटातला गॉझ त्याने उचलला. हात सवयीने घडी घालायला लागले, एक, दोन. मग त्याने स्वतःच्याच हातांकडे बघितलं, गॉझ ताटात टाकला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. एखाद्या पोराला शिक्षा झाल्यासारखा हातांवर बसला.

"वैनी," तो म्हणाला, "तुमचा पाय नशिबानं न्हाई गेला. माझ्यामुळं गेला. मला नवव्या दिवशी वास आला हुता. पाय बिघडला हे मला कळलं हुतं. मी बोललो न्हाई."

लालासाहेबांचा पेपर खाली आला. साळूबाईंना समजायला वेळ लागला. त्या म्हणाल्या, "टीव्हीतलं बोलताय व्हय?"

"न्हाई वैनी. टीव्हीत मी बोललोच न्हवतो. तितं दुसरा बोलला. ह्ये माझं हाय."

"का न्हाई बोलला?"

"आदल्या दिवशी चॅनेलवाले आल्ते. फेटा बांधला हुता लोकांनी. त्यो उतरंल म्हणून भ्यालो."

राजनंदिनी आजीच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. साळूबाई बोटांवर मोजत होत्या. "नवव्या दिशी कळलं. अठराव्या दिशी नेलं. नऊ दिस रोज येऊन तुमी मला बरं हाय म्हणून सांगत व्हता."

"व्हय."

लालासाहेब उठले. मला वाटलं, मारतात आता. ते अंगणात गेले आणि पाठ करून उभे राहिले.

साळूबाईंनी विचारलं, "आनी कुणाला ठाव हुतं?"

जोतीरामने माझ्याकडे पाहिलं नाही. पापणीसुद्धा वर केली नाही. म्हणाला, "कुणालाच न्हाई. मला एकट्याला."

त्याने आयुष्यातलं सगळ्यात अवघड खरं बोलून दाखवलं आणि त्याच्या पाठोपाठ एक खोटं बोलला, ते माझ्यासाठी. बोलायला माझ्यापाशी तेव्हा जागा होती. एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं? वाकून भामाबाईची चिंधी सोडायला लागले. हातांना त्यांचं नेहमीचं काम दिलं.

साळूबाईंनी वॉकर जवळ ओढला. बहिणीला म्हणाल्या, "भामे, ऊठ. सांगलीला जायाचं." मग लालासाहेबांना हाक मारली, "आवं, जीप काढा." आणि सगळ्यात शेवटी जोतीरामला, "तुमीबी चला. वाटनं हिचा पाय वर धरून कोण बसंल? धरा तुमी."

वाडीपासून सांगलीपर्यंत जोतीराम जीपच्या मागच्या बाजूला खाली बसला, भामाबाईचा पाय मांडीवर घेऊन. मी समोरच्या बाकड्यावर. खड्डा आला की तो पाय दोन्ही हातांनी उचलून धरायचा. लालासाहेबांनी पूर्ण रस्ताभर मागे वळून बघितलं नाही. विश्रामबागेतल्या आमच्या हॉस्पिटलात आता जुन्या साहेबांचा मुलगा सर्जन आहे. जोतीराम दारातूनच म्हणाला, "सायेब, वास मारतोय." भामाबाईचं एक बोट गेलं, पाय राहिला.

लालासाहेब जोतीरामशी अजून बोलत नाहीत. साळूबाई बोलतात, कामापुरतं. त्याने आता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून एक काम धरलंय. साखरेच्या माणसांच्या घरी जाऊन पाय बघायचे, पट्टीला हात लावायचा नाही, आणि शंका आली की त्याच दिवशी दवाखान्यात पोचवायचं. लोक म्हणतात, त्याला टीव्हीतलं सगळं विसरायला झालं. हसतात. तो जातोच.

हे सगळं मी पहिल्यांदा लिहायला बसले ते साळूबाईंसाठी. त्यांना वाचता येत नाही, राजनंदिनी वाचून दाखवेल असा बेत होता. चार दिवस लिहीत होते. आरामखुर्चीत बसून, चष्मा लावून, चांगलं नेटकं. फोटोचा भाग लिहून झाल्यावर फार मोकळं वाटलं, आणि त्या मोकळं वाटण्याचीच मला शंका आली. हेही हातांचंच काम की. बोलणार राजनंदिनी. कागद ड्रॉवरमध्ये टाकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळची कडेगाव गाडी धरली.

साळूबाई एकट्याच ओसरीवर होत्या. "या बाई, च्या टाकते," म्हणून वॉकरकडे हात नेला. मी म्हटलं, "चहा नंतर. आधी ऐका. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, आणखी कुणाला ठाऊक होतं. मला होतं. नवव्या दिवशी जोतीरामने तुमच्या पायाचा फोटो मला पाठवला होता. काय करू म्हणून विचारलं होतं. मी नीट पाहिला नाही. मी त्याची थट्टा केली आणि झोपले."

"फोटू हाय?"

मी फोन काढून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, लांब नेला, जवळ आणला. काळी कड त्यांना दिसली की नाही, कळलं नाही. त्या दुसरंच काही बघत होत्या. मग म्हणाल्या, "जोडवी हायत की ह्यात."

मी वाकून पाहिलं. होती.

"कापायच्या येळी काढली असतील. मला दिली न्हाईत कुणी." त्यांनी अंगठ्याने काचेवरून त्या पायाला हात लावला, तसा फोटो सरकला आणि खाली माझा निरोप आला. "ह्ये काय लिव्हलंय?"

मी वाचून दाखवलं. शब्दन् शब्द.

"आनी ही पिवळी तोंडं?"

"मी हसले होते. त्याच्या खुणा आहेत."

त्यांनी मोजली. "तीन." फोन माझ्या हातात परत दिला. रागावल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं. रडल्या असत्या तर मीही रडले असते, आणि बरं वाटलं असतं. त्यांनी वॉकरवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"च्या आज तुमी करा, बाई," त्या म्हणाल्या. "मला उभं ऱ्हायला येळ लागतो."